गाडी मैत्रिणीची, फ्रॅक्चर माझं!

लायसन्स आहे, पण गाडी नाही. वीकेंड आला की कुणाची तरी चावी मागायची आणि मुळशीच्या रस्त्याला लागायचं... तुमचंही असंच चालतं? मग पुढची चावी खिशात टाकण्याआधी हे वाचाच. कारण आपल्याकडे विमा असतो तो गाडीचा. ती चालवणाऱ्याचा नव्हे!

पाऊस, धुकं, काचेवर वायपरची फटक-फटक आणि स्टिअरिंगवर मी! जुलै २०२४ मधला शनिवार. सकाळी सातला चांदणी चौक सोडला, भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास घालवला, पिरंगुटला चहा झाला, पौडला पुन्हा चहा झाला. मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी मैत्रीण म्हणाली, "अगं, आता तू चालव ना. मला नुसतं बघायचंय." गाडी तिची. चार वर्षं जीव लावून जपलेली. लायसन्स दोघींकडेही होतं. फरक एवढाच, की माझ्या लायसन्सला गाडी नाही.

ताम्हिणीच्या अलीकडे एका वळणावर धुक्यातून अचानक एक म्हैस समोर आली. मी ब्रेक मारला, रस्त्यावर वाहून आलेल्या मातीवर चाकं घसरली आणि पुढचं डावं चाक गटारात, गाडीचं नाक दगडी कठड्यावर! वेग बेताचा होता म्हणून निभावलं. मैत्रिणीला साधं खरचटलंही नाही. माझं उजवं मनगट मात्र असं काही आपटलं, की दोन मिनिटं डोळ्यांपुढे मुळशीही दिसेना. कणसं भाजणाऱ्या एका मावशींनी माझ्याच ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. "पोरी, हात हलवू नको," एवढंच त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी मी कोथरूडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन टेबलवर होते.

पुढच्या सहा आठवड्यांत गाडी वर्कशॉपमधून चकाचक होऊन आली. बहुतेक बिल विमा कंपनीने परस्पर भरलं. माझ्या मनगटातही प्लेट बसली, पण ती माझ्या पैशांनी! मी पडले फ्रीलान्सर. ऑफिसचं ग्रुप मेडिक्लेम नाही, आणि स्वतःचं 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणत दोन वर्षं गेलेली. त्यात उजवा हात गळ्यात म्हणजे टायपिंग बंद, टायपिंग बंद म्हणजे मानधन बंद.

शेवटी मैत्रिणीच्या विमा कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गाडीच्या ओनर तुम्ही आहात का?" म्हटलं, नाही. "मग या पॉलिसीत तुमच्यासाठी काही नाही."

जरा हिशेब करा. त्या वळणावर आम्ही चौघं होतो. गाडी, मैत्रीण, म्हैस आणि मी. गाडीचा विमा होता. मैत्रिणीला ऑफिसचं मेडिक्लेम होतं. म्हशीचाही असू शकतो, कारण पशुधन विमा नावाची चीज अस्तित्वात आहे! चौघांत बिनविम्याची खात्रीने मी एकटी. डाव्या हाताने मेल टाइप करता करता ठरवलं, ही काय भानगड आहे ती मुळापासून समजून घ्यायचीच.

आपण सगळे 'चावीवाले'

मुळशी म्हटलं की आपल्याला धरण, धबधबे आणि ताम्हिणी आठवतात. पण हिंजवडी, माण, मारुंजी हासुद्धा मुळशी तालुकाच. म्हणजे सोमवार ते शुक्रवार ज्या आयटी पार्कात आपण खुर्ची गरम करतो तो मुळशीत, आणि शनिवारी जिथे मूड फ्रेश करायला जातो तेही मुळशीतच! नागपूर, नांदेड, कोल्हापूर, जळगावहून आलेली, पीजीमध्ये किंवा चौघांत फ्लॅट घेऊन राहणारी निम्मीअधिक मंडळी बिनगाडीची. गाडी पाचातल्या एकाची, चालवणारे पाचही जण. "तू जाताना चालव, मी येताना चालवतो," असा साधासोपा मामला.

चावीवाल्यांचे प्रकारही किती! दोस्ताची गाडी घेणारे. बाबांची गाडी गावाहून आणून वर्षानुवर्षं वापरणारे. दोन दिवसांसाठी सेल्फ ड्राइव्ह घेणारे. कलीगकडून सेकंडहँड घेऊन आरसी बुकवर नाव बदलायचं 'राहून गेलेले'. आणि या सगळ्यांत खरे चावीवाले म्हणजे दुसऱ्याची कॅब चालवून घर चालवणारी मुलं. या प्रत्येकासाठी उत्तर वेगळं आहे. पण सुरुवात एकाच ठिकाणी होते.

पॉलिसीचे तीन कप्पे

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ सांगतं, की सार्वजनिक रस्त्यावर विम्याशिवाय वाहन वापरायचं नाही, आणि दुसऱ्याला वापरूही द्यायचं नाही. कायद्याला विमा हवाय तो वाहनाचा. म्हणून पॉलिसीवर गाडीचा नंबर असतो, इंजिन आणि चासी नंबर असतो, मालकाचं नाव असतं. चालवणाऱ्याचं नाव नसतं.

गाडीची नेहमीची 'फुल' पॉलिसी म्हणजे तीन कप्प्यांचा डबा समजा.

पहिला कप्पा थर्ड पार्टीचा. गाडीमुळे रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला, तर भरपाई इथून मिळते. ही रक्कम न्यायाधिकरण ठरवतं, तिला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र खासगी कारला साडेसात लाखांपर्यंतची मर्यादा असते. हाच कप्पा सक्तीचा आहे.

दुसरा कप्पा 'ओन डॅमेज'चा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे.

तिसरा कप्पा मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. पूर्वी तो कारला दोन लाख आणि दुचाकीला एक लाख इतकाच असायचा. २०१८ मध्ये विमा नियामक 'इर्डाई'ने तो १५ लाखांवर नेला. मालकाचा मृत्यू झाला, हातपाय किंवा डोळे गेले, कायमचं अपंगत्व आलं तर हे पैसे मिळतात. मोडलेल्या मनगटाचं बिल यात मालकालाही मिळत नाही!

आता चावीवाल्यासाठी चांगली बातमी. पहिले दोन कप्पे तुम्ही गाडी चालवत असलात तरी उघडतात. पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' असतो. वैध लायसन्स असलेली आणि गाडी चालवायला अपात्र न ठरवलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, असं त्यात म्हटलेलं असतं. त्यामुळे मैत्रिणीने मला चावी दिली यात बेकायदा काहीच नव्हतं.

हे माहीत नसल्यामुळे आम्ही एक घोडचूक करणार होतो. गाडी टो करून आणली तेव्हा गॅरेजमधल्या एका दादांनी आपुलकीने सल्ला दिला, "क्लेम फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून मालकीणबाईंचंच नाव टाका. भानगड नको." मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं. हॉस्पिटलच्या कागदांवर 'गाडी चालवताना अपघात' असं स्वच्छ लिहिलेलं! आम्ही खरं तेच लिहिलं. सर्व्हेअरने माझ्या लायसन्सची कॉपी मागितली, दोन प्रश्न विचारले आणि क्लेम मंजूर झाला. जो क्लेम खरं बोलून सरळ पास होतो, तो खोटं बोलून अडकवायचा कशाला? खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं की कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

दोस्तीचं बिल

क्लेम पास झाला म्हणजे फुकटात झालं असं नाही. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये मालकाने स्वतः भरायचे असतात, त्यावरच्या इंजिनाला २०००. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. 'झीरो डेप' घेतलेलं नसेल तर बंपरचे निम्मे पैसे खिशातून! मैत्रिणीने ते घेतलं नव्हतं.

पण सगळ्यात जास्त लागला तो एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. मैत्रीण ४५ वर होती. माझ्या एका ब्रेकने ती शून्यावर आली. ती एका शब्दाने बोलली नाही. पण रिन्यूअलचा आकडा बघून मलाच कसंतरी झालं. बंपरचे पैसे मी भरले. एनसीबीचे पैसे घेणार नाही म्हणाली, तेव्हा तिच्या पुढच्या सर्व्हिसिंगचं बिल गुपचूप मी दिलं.

म्हणून म्हणते, चावी घेतानाच बोलून घ्या. काही झालं तर कापले जाणारे पैसे कोण देणार? एनसीबी गेला तर काय? हे बोलायला दोन मिनिटं संकोच वाटतो. नंतर बोलायची वेळ आली तर दोस्तीच पणाला लागते.

म्हशीऐवजी माणूस असता तर?

ऑपरेशननंतर कितीतरी रात्री मला हाच प्रश्न छळत होता. त्या वळणावर दुधाचे कॅन घेऊन निघालेला एखादा दुचाकीवाला असता तर?

तर त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला असता. त्यात चालक म्हणून मी, मालक म्हणून मैत्रीण आणि विमा कंपनी, तिघंही प्रतिवादी. चूक माझी ठरली तर मूळ जबाबदारी माझी, आणि माझ्या हातात गाडी दिली म्हणून मैत्रिणीचीही. पॉलिसी चालू असेल आणि तिच्या अटी मोडलेल्या नसतील तर पैसे कंपनी भरते. आणि पॉलिसी संपलेली असेल तर? मग भरपाईची रक्कम आम्ही दोघींनी उभी करायची!

दंडाचंही तसंच. बिनविम्याची गाडी चालवली तर कलम १९६ खाली पहिल्यांदा २००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे चालवणाऱ्यालाही लागू आहे आणि चालवू देणाऱ्यालाही. कायद्याने इथे पगारी ड्रायव्हरला एक सवलत दिली आहे. विमा नाही हे त्याला माहीत नसेल, आणि तसं वाटायला काही कारणही नसेल, तर तो दोषी नाही. दोस्ताला ही सवलत नाही. 'मला काय माहीत पॉलिसी संपलीये ते' हे तुमचं उत्तर होऊ शकत नाही.

मालकाच्या चपलेत पाय

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चालवणाऱ्यालाच काही झालं तर?

समोरच्या गाडीची चूक असेल तर सोपं आहे. त्या गाडीच्या चालक, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध तुम्ही दावा करू शकता. तुमची गाडी उसनी होती याने फरक पडत नाही. अडचण येते ती समोर कुणीच नसताना किंवा चूक आपलीच असताना.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल नेहमी सांगितला जातो, निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. कर्नाटकातल्या एका माणसाने ओळखीच्याची मोटारसायकल चालवायला घेतली. वाटेत बैलगाडीला धडकून तो गेला. बायकोने मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. चूक कुणाची हे न पाहता भरपाई देणारं १६३-अ नावाचं कलम तेव्हा कायद्यात होतं, त्याखाली. न्यायालयाने म्हटलं, की ज्याने गाडी मागून घेतली तो त्या गाडीपुरता मालकाच्या जागी उभा राहतो. मालक स्वतःच्याच कंपनीकडे 'तिसरी व्यक्ती' म्हणून भरपाई मागू शकत नाही, म्हणून हाही नाही.

म्हणजे पाय मालकाच्या चपलेत, पण घरात प्रवेश नाही!

२०२० च्या रामखिलाडी प्रकरणात हीच गोष्ट पुन्हा झाली. मागून घेतलेली मोटारसायकल, दुसऱ्या मोटारसायकलची धडक, चालवणाऱ्याचा मृत्यू. घरच्यांनी दावा केला तो मात्र मागून घेतलेल्या गाडीच्याच मालक आणि कंपनीविरुद्ध. न्यायालयाने भरपाई नाकारली. पण मालकाच्या जागी आहे म्हटल्यावर पॉलिसीतला मालक-चालकाचा वैयक्तिक अपघाताचा कप्पा त्याला लागू धरला आणि तेव्हाचे एक लाख रुपये व्याजासह द्यायला सांगितले. म्हणजे दार किंचित किलकिलं झालं, पण कुठे? थेट सर्वोच्च न्यायालयात! २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १६३-अ बद्दलचा हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. कायद्याचा कीस निघत राहील. पण माणूस गेल्यावर घरच्यांनी दिल्लीपर्यंत जावं, हा काही विमा नव्हे.

गंमत बघा. पगारी ड्रायव्हरची स्थिती याबाबत आपल्यापेक्षा बरी आहे. कामावर असताना त्याला काही झालं तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर असते. शिवाय मालकाला किरकोळ जादा प्रीमियममध्ये 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर' घेता येतं. तुमच्या घरच्या गाडीवर ड्रायव्हरकाका असतील तर पॉलिसी काढून ही ओळ आहे का ते आजच बघा.

अमेरिकेत मिळतं, मग इथे का नाही?

ऑनसाइटहून परतलेल्या एका मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, तिकडे नॉन-ओनर पॉलिसी मिळते की!" खरं आहे. अमेरिकेत स्वतःची गाडी नसलेल्या पण वरचेवर मागून किंवा भाड्याने गाडी चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावावर पॉलिसी घेता येते. गाडीच्या मालकाची पॉलिसी आधी वापरली जाते, ती अपुरी पडली की ही. विम्यात खंड पडू नये म्हणूनही लोक ती घेतात. ब्रिटनमध्ये तर मित्राची गाडी चालवायला काही तासांचा किंवा एका दिवसाचा तात्पुरता विमा मिळतो.

पण हुरळून जाऊ नका. नॉन-ओनर पॉलिसी मुख्यतः तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यासाठी असते. उसन्या गाडीची दुरुस्ती तीत नसते. म्हणजे तिच्या जोरावर माझ्या मैत्रिणीचा बंपर आला नसताच!

आपल्याकडे कायदाच वाहनाचा विमा मागतो, त्यामुळे बिनगाडीच्या ड्रायव्हरला थर्ड पार्टी विमा विकण्याची चौकटच नाही. जुलै २०२२ मध्ये इर्डाईने नव्या पद्धतीच्या विम्याला वाट करून दिली. जितकी चालवाल तितका प्रीमियम, जशी चालवाल तसा प्रीमियम, एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी, वगैरे. पण तिन्हींची सुरुवात मालकापासूनच होते.

पांढरी पाटी, काळी पाटी

आता सगळ्यात धोकादायक प्रकार. "ओळखीचा आहे, त्याची गाडी दोन दिवसांना अमुक रुपयांत देतो." मुळशीला पावसाळी ट्रिप ठरली की ग्रुपवर असा एक तरी मेसेज येतोच. गाडीची पाटी बघा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. खासगी कारच्या पॉलिसीत 'भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर' चालत नाही, असं लिहिलेलं असतं. मित्राने मित्राला गाडी देणं वेगळं आणि पैसे घेऊन देणं वेगळं. पैसे घेतले की कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. तिसऱ्या माणसाला भरपाई द्यावी लागली, तर ती आधी कंपनीने द्यायची आणि नंतर मालकाकडून वसूल करायची असाही आदेश होतो. मग मालक कुणाच्या मागे लागेल हे सांगायला नकोच!

अधिकृत सेल्फ ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. १९८९ च्या रेंट-ए-कॅब योजनेखाली परवाना घेऊन या गाड्या दिल्या जातात आणि त्यांचा विमाही त्या वापरासाठीचा असतो. तरीही बुकिंग करताना एक ओळ शोधाच. नुकसान झालं तर तुमच्याकडून कमाल किती रक्कम घेणार? आणि चालवणारा म्हणून तुम्हाला काही कव्हर आहे का? बहुतेक जण फक्त किलोमीटरचं लिमिट वाचतात. मीही तेच करायचे.

बाबांची गाडी, कलीगची गाडी

"आमची घरचीच गाडी आहे," असं म्हणणाऱ्यांनीही जरा थांबा. आरसीवर बाबांचं नाव असेल तर १५ लाखांचं ते कव्हर बाबांचं आहे, तुमचं नाही, मग रोज हिंजवडीला गाडी तुम्हीच का नेत असेना. बाबांकडे लायसन्सच नसेल तर ते कव्हर मुळात देताच येत नाही. गाडी कंपनीच्या नावावर असली तरी तसंच, कारण कंपनी काही गाडी चालवत नाही!

आणि कलीगकडून सेकंडहँड घेतली असेल तर आरसीवरचं नाव बदलणं 'राहून' देऊ नका. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टीचा कप्पा आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं. ते केलं नाही तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. विकणाऱ्यासाठीही धडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केलं, की रजिस्टरवर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार. गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो.

मग मी काय केलं?

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गाडीची पॉलिसी गाडीबरोबर जाते. माझ्याबरोबर यायचा असेल तर विमा माझ्या नावावरच हवा.

त्यामुळे हात मोकळा झाल्यावर आधी स्वतःचं मेडिक्लेम घेतलं. मग वैयक्तिक अपघात विमा. हा माणसाचा असतो. तुम्ही कुणाचीही गाडी चालवा, बसमध्ये बसा, नाहीतर सिंहगडावर पाय घसरून पडा. इर्डाईने १ एप्रिल २०२१ पासून 'सरल सुरक्षा बीमा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आणली आहे. अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत कव्हर, त्यामुळे डोकं न खाजवता तुलना करता येते. तेही जड वाटत असेल तर बँकेतून मिळणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहेच. १८ ते ७० वयाला, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. वीस रुपये म्हणजे मुळशीला भाजलेलं अर्धं कणीस!

माझ्या अपघातानंतर आणखी एक चांगली गोष्ट झाली. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाखाचे उपचार. जखमी पादचारी असो की ड्रायव्हर, गाडी स्वतःची असो की मागून आणलेली. म्हणून अपघात झाला की ११२ ला फोन करा आणि पोलिसांकडे नोंद होऊ द्या. 'कशाला लफडं' म्हणून परस्पर घरी जाऊ नका.

चावी घेण्याआधी...

- गाडीचा नंबर एम-परिवहन अॅपमध्ये टाका. विमा कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं.
- मालकाकडून पॉलिसीची कॉपी मोबाइलवर मागून घ्या. फक्त थर्ड पार्टी आहे की ओन डॅमेजही, ते बघा.
- तुमचं लायसन्स चालू आहे ना? आणि त्या प्रकारच्या गाडीचं आहे ना?
- पांढऱ्या पाटीच्या गाडीसाठी भाडं देऊ नका. पेट्रोल वाटून घेणं वेगळं, भाडं वेगळं.
- गाडी वरचेवर तुम्हीच वापरत असाल तर मालकाला सांगून पॉलिसीत तुमच्या नावाने वैयक्तिक अपघाताचं जादा कव्हर मिळतं का, ते विचारा. सहप्रवाशांसाठीही घेता येतं.
- कापल्या जाणाऱ्या पैशांचं आणि एनसीबीचं आधीच बोलून ठेवा.
- ग्लासला हात लावला असेल तर चावीला लावू नका. दारू पिऊन चालवली तर ओन डॅमेज क्लेम गेलाच म्हणून समजा.
- आणि अपघात झालाच, तर कोण चालवत होतं ते खरंच सांगा.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघी पुन्हा गेलो. तोच चांदणी चौक, तीच भूगावची रांग, पिरंगुटचा चहा, पौडचा चहा. धरणाचं पाणी दिसलं तशी मैत्रिणीने गाडी कडेला घेतली आणि चावी पुढे केली. खरं सांगते, पोटात गोळा आला होता. पण तिचा हात मागे जाईना.

म्हटलं, "आधी पॉलिसी दाखव."

ती हसत सुटली. मग मोबाइल काढला, तारीख दाखवली. झीरो डेप पण घेतलं होतं यंदा! मी चावी घेतली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि हळूच पहिला गिअर टाकला. वळणावर हॉर्न दिला. या वेळी म्हैस नव्हती. कणसाच्या गाडीवर त्याच मावशी होत्या. गाडी थांबवून खाली उतरले तर त्यांनी आधी माझ्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हात बरा हाय ना गं पोरी?"